आकडी येणाऱ्या मुलाला संशोधनात घालताना सही कोणाची चालते?

अपस्मार आणि जोडीला बौद्धिक किंवा शारीरिक अपंगत्व असलेलं मूल. गोव्यातल्या वाळपईहून पहाटेच्या कदंब बसने आजी त्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात आणते आणि दुपारी दोघं तशीच परत जातात, कारण आजीची सही चालत नाही. अठराच्या आतल्या मुलासाठी संमती आई, वडील किंवा कायदेशीर पालकाचीच लागते. फोनवर हे सांगायला दोन मिनिटं पुरतात, तरी कोणी सांगत नाही. म्हणून निघण्याआधी तुम्हीच विचारा.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे धोका किरकोळ असेल किंवा मुलाला थेट फायदा असेल, तर सहसा एकाची सही पुरते. धोका जास्त असला किंवा मुलाला फायदा नसला, तर दोघांची मागू शकतात. वडील बोटीवर किंवा आखातात असतील तर दुरून संमती घेण्याची कुठली पद्धत एथिक्स कमिटीने (संशोधनाला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीने) मंजूर केलीय, ते पहिल्याच फोनवर विचारून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा सहीचा फोटो चालेलच, असं धरून चालू नका.

मुलाचा होकारही लागतो: सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी, पुढे अठरापर्यंत लेखी. बोलता न येणाऱ्या मुलाने ईईजीच्या (मेंदूच्या लहरी नोंदवणाऱ्या तपासणीच्या) तारा लावताना मान फिरवली, हात झटकला, तर तोही नकारच. घाईत तो नजरेआड होऊ देऊ नका.

सगळ्यात जास्त अडतं ते अठरा पूर्ण झाल्यावर. त्या दिवसापासून आईची सही आपोआप चालत नाही. मुलाला समजत असेल तर त्याचीच नव्याने संमती घेतात. समजत नसेल तर पालकत्वाचा दाखला लागतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. नुसत्या अपस्मारावर तो होत नाही. सतरावं सरायच्या आत विचारपूस सुरू करा, ऐन वेळी दाखला हाती पडत नाही.

जन्मदाखला, आधार, डिस्चार्ज कार्ड, ईईजी-एमआरआयचे रिपोर्ट घ्याच. औषधाची बाटलीही आणा: 'सकाळी पाच मिली' एवढ्यावर डोस कळत नाही, कारण कंपनीगणिक सिरपची तीव्रता बदलते. आकड्यांच्या वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं, कुठल्या हातापायापासून सुरुवात झाली, एवढं हवं. 'महिन्यात चार-पाच' लिहिलेली वही उपयोगाची नाही.

फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठी किंवा कोकणी मागा. सही केलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका. संशोधनातून मधेच बाहेर पडलात तरी रुग्णालयाला मुलाचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. मात्र संशोधनातलं औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारूनच कमी करा. एकदम तोडलं तर आकड्या वाढू शकतात.