टेक्सासला स्टेट टॅक्स नाही, मग घरपट्टी किती?

(न्यू जर्सीतल्या आमच्या घरमालक ग्राहकांसाठी माहितीपत्रक, करवर्ष २०२६)

रिटर्नवर सह्या झाल्या, फाइल मिटली, की खुर्चीतून उठता उठता दर तिसरे ग्राहक विचारतात, "आम्ही टेक्सासला जावं का हो? तिथे स्टेट टॅक्स नाही म्हणे." हल्ली त्यात नॉर्थ कॅरोलिनाची भर पडली आहे. कुणाचा भाऊ टेक्सासमधल्या फ्रिस्कोत असतो, कुणाची मैत्रीण नॉर्थ कॅरोलिनातल्या केरीत, आणि त्यांच्या घराचे फोटो पाहिले की एडिसनच्या घराचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आणखीच डोळ्यांत खुपतं. उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हा कागद.

दोन्ही कर राज्यातच भरायचे असले तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे. स्टेट इन्कम टॅक्स तुमच्या कमाईकडे पाहतो आणि प्रॉपर्टी टॅक्स घराकडे. पगार थांबला तर पहिला आपोआप खाली येतो. दुसऱ्याला तुमची नोकरी आहे की गेली याच्याशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे "कुठे कर कमी?" असं विचारण्याआधी आमचा प्रश्न असतो की तुमची कमाई पुढच्या पाच-सात वर्षांत कशी चालेल असं तुम्हाला वाटतं.

एक घर, तीन राज्यं

उदाहरणाला एक जोडपं घेऊ. दोघेही नोकरीत, मुलं दोन, दोघांच्या डब्ल्यू-२ वर (पगाराच्या वार्षिक फॉर्मवर) सोळाव्या चौकटीत, म्हणजे राज्यासाठी धरलेला पगार, मिळून १,९८,००० डॉलर. घराची बाजारातली किंमत ६,५०,००० डॉलर. घर तेवढ्याच किमतीचं तिन्हीकडे आहे असं समजू. प्रत्यक्षात याच पैशांत केरीत किंवा फ्रिस्कोत कदाचित मोठं घर येईल, पण मोठं घर घ्यायचं की नाही हा निर्णय वेगळा, तो करात मिसळू नये.

न्यू जर्सी: घरपट्टी २ टक्के धरली तर १३,००० डॉलर. न्यू जर्सी स्वतःच्या राहत्या घराची १५,००० डॉलरपर्यंतची घरपट्टी उत्पन्नातून वजा करू देते. ती आणि चौघांच्या ५,००० डॉलरच्या सवलती काढल्या की करपात्र उत्पन्न १,८०,००० उरतं आणि त्यावर स्टेट टॅक्स होतो ७,४२४. एकूण २०,४२४.

टेक्सास: स्टेट टॅक्स शून्य. पगारावर असा कर लावायला २०१९ च्या घटनादुरुस्तीने तिथे बंदीच घातली आहे. घरपट्टीत शाळेचा दर १.१ आणि शहर, काउंटी वगैरे मिळून आणखी १.१ टक्का धरू. राहत्या घराला होमस्टेड सवलत मिळते, म्हणजे शाळेच्या हिश्शासाठी घराच्या किमतीतून १,४०,००० डॉलर वगळतात. बिल १२,७६० डॉलरचं.

नॉर्थ कॅरोलिना: घरपट्टी ०.९ टक्के धरून ५,८५०. स्टेट टॅक्सचा २०२६ चा दर सरसकट ३.९९ टक्के. जोडप्याची २५,५०० ची प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) काढली की कर ६,८८३. एकूण १२,७३३.

टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्यात फरक पडला २७ डॉलरचा! आमच्या ऑफिसात हा आकडा पहिल्यांदा निघाला तेव्हा आम्ही कॅल्क्युलेटरवर पुन्हा आकडेमोड केली. दर थोडे इकडे-तिकडे केले की निकालही हलेल, पण "शून्य स्टेट टॅक्स" या पाटीची किंमत किती ते यावरून कळावं. (केरीला जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा, की नॉर्थ कॅरोलिनात गाडीवरही प्रॉपर्टी टॅक्स आहे. रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाबरोबर तो दरवर्षी भरावा लागतो. जर्सीकर पहिल्या वर्षी हमखास दचकतात.)

आता दोघांपैकी एकाची नोकरी गेली असं धरा. उत्पन्न निम्मं, ९९,०००. नॉर्थ कॅरोलिनाचा स्टेट टॅक्स साधारण २,८०० वर येतो, घरपट्टीसह ८,६५० च्या आसपास. टेक्सासचं बिल तेच, १२,७६०. न्यू जर्सीत स्टेट टॅक्स ७,४२४ वरून १,७०० पर्यंत उतरतो, पण घरपट्टीचे १३,००० जागचे हलत नाहीत. उलट बाजूने, पगार दुप्पट होऊन ३,९६,००० झाला तर नॉर्थ कॅरोलिना एकूण २०,६०० च्या पुढे जाते आणि टेक्सास आहे तिथेच राहतं. म्हणून पगार चढता, नोकऱ्या दोन आणि पक्क्या असतील, तर टेक्सास खरंच फायद्याचं. एच-१बी व्हिसावर एकाच पगारात घर चालत असेल तर आम्ही हात आखडता घ्यायला सांगतो. नोकरी गेल्यावर साठ दिवसांत नवी शोधायची धावपळ सुरू असताना हजार डॉलरच्या वर घरपट्टीचा महिना अंगावर घेणं सोपं नसतं.

छापील दरावर जाऊ नका

न्यू जर्सीतल्या एखाद्या टाउनशिपचा दर पाच-सहा टक्के लिहिलेला दिसतो आणि शेजारच्या गावाचा दोन. याचा अर्थ पहिलं गाव तिप्पट महाग, असा नाही. तिथलं मूल्यांकन जुनं असतं. सहा-साडेसहा लाखांना विकलं जाणारं घर टाउनशिपच्या वहीत दोन-सव्वादोन लाखांचंच असतं, आणि दर त्या आकड्यावर लागतो. तुलना करायची तर वर्षाचं पूर्ण बिल घ्या आणि घराच्या आजच्या बाजारभावाने भागा. जो टक्का येईल तोच खरा.

टेक्सासमध्ये दुसरीच गंमत असते. शहराच्या हद्दीबाहेर नवी वसाहत उभी राहते तेव्हा पाणी आणि सांडपाण्याच्या लाइनींसाठी रोखे काढले जातात आणि त्यांची फेड घरमालकांकडून होते. याला तिथे 'मड' टॅक्स म्हणतात. नाव मजेशीर, बिल नाही. वरच्याच घराला असा कर लागून एकूण दर २.८ टक्क्यांवर गेला, तर १२,७६० चे १६,६६० होतात. मॉडेल होम पाहायला जाल तेव्हा ग्रॅनाइटच्या ओट्यावरून हात फिरवण्याआधी त्या पत्त्याचा एकूण टॅक्स रेट लेखी मागा.

नवं घर घेणाऱ्यांसाठी आणखी एक, आणि हे आमच्या एका जुन्या ग्राहकाच्या बाबतीत झालेलं. टेक्सासमध्ये घराची किंमत १ जानेवारीच्या स्थितीवर ठरते. त्या दिवशी प्लॉटवर नुसतं गवत असेल तर पहिल्या वर्षीचं बिल फक्त जमिनीचं येतं. बँक त्यावरून एस्क्रोचा, म्हणजे घरपट्टीसाठी मॉर्गेजबरोबर दरमहा जमा करून घेते त्या रकमेचा, हप्ता ठरवते. आपल्या उदाहरणात समजा ते बिल २,०४० डॉलरचं आलं, म्हणजे महिन्याला १७०. पुढच्या वर्षी घर उभं, बिल १२,७६०. एस्क्रोत १०,७२० ची तूट पडते. ती बँक बारा महिन्यांत वसूल करायला लागते आणि पुढच्या वर्षासाठीही वाढीव रक्कम धरते. हप्ता एकदम १,७८० डॉलरच्या आसपास वाढतो. त्या गृहस्थांना वाटलं बँकेने व्याजदर बदलला, की काहीतरी फसवणूक झाली. तसं काहीच नव्हतं. "पहिल्या वर्षी स्वस्त वाटलं ते घर नव्हतंच, जमीन होती," असं नंतर त्यांनीच हसून सांगितलं. तेव्हा नव्या घराच्या क्लोजिंगनंतर पहिल्या महिन्यापासूनच पूर्ण घराच्या घरपट्टीचा बारावा भाग स्वतः बाजूला टाकत जा.

होमस्टेडचा अर्ज फुकट असतो. "शंभर डॉलर पाठवा, आम्ही अर्ज करून देतो" अशी सरकारी थाटाची पत्रं येतात, ती कचऱ्यात टाका. मात्र ड्रायव्हिंग लायसन्सवर नव्या घराचा पत्ता असायला हवा, आणि ते काम मंडळी सहा-सहा महिने लांबणीवर टाकतात. एकदा होमस्टेड लागू झाला की पुढच्या वर्षापासून करासाठी धरलेली किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही.

मूल्यांकन जास्त वाटलं तर हरकत नोंदवा. टेक्सासमध्ये साधारण १५ मेपर्यंत किंवा नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, जे नंतरचं असेल ते. न्यू जर्सीत बहुतेक काउंट्यांमध्ये १ एप्रिल, मॉनमथसारख्या काहींमध्ये १५ जानेवारी. आपल्या लोकांना उगाच वाटतं की हरकत घेतली तर टाउनशिपच्या डोळ्यांवर येऊ. तसं काही होत नाही. शेजारच्या तीन-चार सारख्या घरांच्या विक्रीच्या किमती हातात असल्या की काम भागतं.

फेडरल रिटर्नमध्ये काय परत मिळतं

२०१८ पासून राज्याचे आणि गावाचे कर मिळून १०,००० डॉलरच वजा करता येत होते, त्यामुळे जर्सीच्या घरमालकाची बरीचशी घरपट्टी वाया जायची. २०२५ च्या कायद्याने ही मर्यादा ४०,००० वर नेली. २०२६ साठी ती ४०,४०० आहे, २०२९ पर्यंत दरवर्षी एक टक्का वाढेल आणि २०३० मध्ये पुन्हा १०,००० वर येईल. ज्यांचं उत्पन्न ५,०५,००० च्या वर आहे त्यांच्यासाठी ती कमी होत होत १०,००० वर येते. दोघेही डॉक्टर किंवा दोघेही मोठ्या टेक कंपनीत असलेल्यांनी हे विशेष पाहावं.

आपल्या जोडप्याला मॉर्गेजचं व्याज २२,००० धरू. न्यू जर्सीत एकूण वजावट ४२,४२४ होते. जोडप्याची प्रमाणित वजावट ३२,२०० आहे, म्हणजे १०,२२४ जास्तीचे. २२ टक्क्यांच्या पट्ट्यात सुमारे २,२५० डॉलर वाचले. टेक्सासमध्ये हीच बचत जेमतेम ५६० होते. त्यामुळे न्यू जर्सी आणि टेक्सासमधलं अंतर वरवर ७,६६४ दिसलं तरी हातात पडणारा फरक सहा हजारांच्या आतबाहेर आहे. टेक्सासवाल्यांना इन्कम टॅक्सऐवजी सेल्स टॅक्स वजा करता येतो, तो धरला तर आकडा थोडा हलेल. हे सगळं मॉर्गेजच्या व्याजावर अवलंबून आहे. ज्यांचं कर्ज फिटत आलंय त्यांना प्रमाणित वजावटच बरी पडते, आणि मग घरपट्टीचा फेडरलमध्ये काही उपयोग उरत नाही.

वजावट मिळते ती बँकेने टाउनशिपला प्रत्यक्ष भरलेल्या रकमेची, तुम्ही एस्क्रोत टाकलेल्या रकमेची नाही. दोन आकडे वेगळे असू शकतात. आणि पुण्याच्या फ्लॅटची घरपट्टी? ती इथे व्यक्तिगत वजावटीत धरता येत नाही. फ्लॅट भाड्याने दिला असेल आणि ते भाडं तुम्ही इथे दाखवत असाल, तर भाड्याच्या खर्चात धरता येते.

न्यूयॉर्कची नोकरी घेऊन जाणार असाल तर

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. राहायला एडिसन, नोकरी मॅनहॅटनमध्ये, असं असेल तर तुमच्या पगारावर पहिला हक्क न्यूयॉर्कचा. न्यू जर्सी त्याचं क्रेडिट देते, म्हणजे तिकडे भरलेला कर आपल्या करातून वजा करू देते, म्हणून एरवी ते जाणवत नाही. आता तीच नोकरी घेऊन, घरून काम करायचं ठरवून, तुम्ही डॅलसला गेलात. कंपनीची गरज नसून तुमच्या सोयीसाठी तुम्ही बाहेरून काम करत असाल, तर न्यूयॉर्क तो पगार न्यूयॉर्कमध्येच कमावला असं समजून कर घेतं. टेक्सासला इन्कम टॅक्सच नाही, त्यामुळे क्रेडिट द्यायला कुणी नाही. म्हणजे स्टेट टॅक्स न्यूयॉर्कचा आणि घरपट्टी टेक्सासची, दोन्हीकडची जड बाजू तुमच्या वाट्याला. ऑफर लेटरमध्ये कामाचं ठिकाण काय लिहिलंय ते घराचं टोकन देण्याआधी आम्हाला दाखवा.

निवृत्तीकडे झुकलेल्यांसाठी

सोशल सिक्युरिटीवर (सरकारी निवृत्तिवेतनावर) न्यू जर्सी कर लावत नाही, त्यामुळे मुख्य उत्पन्न तेच असेल तर स्टेट टॅक्स जवळजवळ नसतो. राहते ती घरपट्टीच, आणि तीच टोचते. पासष्टीनंतर वाढलेली घरपट्टी परत देणाऱ्या 'सीनियर फ्रीज'सारख्या योजनांचे अर्ज दरवर्षी करावे लागतात. अर्ज न केल्यामुळे पैसे सोडून दिलेले आम्ही दरवर्षी पाहतो. टेक्सासमध्ये पासष्टीनंतर शाळेचा हिस्सा एका आकड्यावर गोठतो आणि होमस्टेड सवलत २,००,००० पर्यंत जाते. नुसत्या घरपट्टीच्या आकड्यावर बोलायचं तर त्या वयात नॉर्थ कॅरोलिना अजूनही हलकी. पण नातवंडं कुठे आहेत हे आम्ही नाही सांगू शकत.

भेटीला येताना दोघांचे डब्ल्यू-२, बँकेकडून आलेला मॉर्गेजच्या व्याजाचा फॉर्म १०९८, एस्क्रोचं शेवटचं वार्षिक पत्र आणि टाउनशिपकडून फेब्रुवारीच्या सुमारास येणारं मूल्यांकनाचं पोस्टकार्ड आणा. ते पोस्टकार्ड बहुतेक जण जाहिरात समजून टाकून देतात. नव्या गावातलं घर मनात असेल तर त्याचा पूर्ण पत्ताही द्या. नुसत्या 'डॅलसजवळ' एवढ्यावर आम्हाला हिशेब करता येत नाही.