कॅलिपरचं सील की डस्ट बूट: नेमकं गळतंय काय?

जुन्या गाडीचं चाक काढलं आणि कॅलिपरच्या (पिस्टनने ब्रेक पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) बुटाभोवती, म्हणजे पिस्टनच्या तोंडावरच्या रबरी आवरणाभोवती, ओल दिसली, की पहिला निष्कर्ष ठरलेला: बूट फाटलाय, म्हणून ब्रेक ऑइल गळतंय. बूट आणि आतलं सील ही दोन्ही रबरं दुरुस्तीच्या किटमध्ये एकाच पिशवीत येतात, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण बुटाच्या चिंध्या झाल्या तरी ऑइलचा थेंबही बाहेर येणार नाही, आणि बूट कोरा करकरीत असला तरी कॅलिपर गळू शकतो.

ऑइलचा दाब अडवतं ते सील. बहुतेक कॅलिपरमध्ये ही चौकोनी छेदाची रबरी कडी बोअरमधल्या (पिस्टन ज्यात सरकतो त्या भोकातल्या) खाचेत बसते आणि पिस्टनला घट्ट धरते. पेडल दाबलं की पिस्टन पुढे सरकतो, सील त्याच्याबरोबर किंचित मुरडतं. पाय काढला की ते सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. एवढ्याशा रबराच्या जोरावर पॅड डिस्कपासून सुटतात, हे मला आजही विलक्षण वाटतं. म्हणूनच सील कडक झालं की कधी कधी गळतीच्या आधीच ब्रेक धरून राहतो, चाक तापतं.

बूट दाब अडवत नाही. धूळ आणि पाणी बाहेर ठेवणं, एवढंच त्याचं काम.

तरीही फाटका बूट निर्दोष नाही. पाणी आत शिरतं, पिस्टनच्या क्रोमखाली गंज धरतो, बारीक खड्डे पडतात. पॅड झिजलेले असताना हा गंजलेला पट्टा सीलच्या बाहेर असतो. नवे पॅड घालायला पिस्टन मागे दाबला की तोच पट्टा सीलखाली जातो. काल पॅड बदलले आणि आज गळायला लागलं, याचं कारण बहुधा हेच.

पिस्टन काढताना, ब्रेकची नळी जोडलेली असतानाच पेडल हळूहळू दाबून तो बाहेर आणावा. कॉम्प्रेसरच्या हवेने तो गोळीसारखा सुटतो, बोटं चिरडतात. मग पिस्टनवर नख फिरवा. कुठे अडकलं तर पिस्टन बदला, शक्यतो स्टेनलेसचा घ्या. पॉलिश पेपरने घासून तोच बसवू नका; क्रोम उडालेल्या जागी गंज पुन्हा धरतो. खाचेतला गंजही लाकडी काडीने खरवडून काढा, नाहीतर नवं सील वर उचललं जातं आणि पिस्टन आवळतो.

सील बसवताना ताजं ब्रेक ऑइल किंवा रबरासाठीचं लाल ग्रीस लावा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस नको, त्याने हे रबर फुगतं. ऑइल मुरलेले पॅड सरळ टाकून द्या.

सगळं जोडून, ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा काढून झाली की पेडल मिनिटभर जोरात दाबून धरायला सांगा आणि बुटाची कड किंचित उचलून बघा. आत ओल दिसली तर पिस्टन पुन्हा बाहेर काढावा लागेल.