वनस्पतिज प्रथिनांची जैवसामग्री

धान्ये, कडधान्ये आणि तेलबियांतील साठवणीची प्रथिने वेगळी काढून त्यांचे पापुद्रे, धागे किंवा सच्छिद्र ठोकळे तयार करतात. या ठोकळ्यांवर प्राण्यांच्या पेशी चिकटतात, पसरतात आणि वाढतात. जखमेवरील आवरण, त्वचा व हाडाची दुरुस्ती आणि प्रयोगशाळेत वाढवलेले मांस यांसाठी या सामग्रीचा अभ्यास होतो. मक्यातील झेइन, ज्वारीतील काफिरिन, गव्हातील ग्लुटेन आणि सोयाबीनमधील ग्लायसिनिन ही त्यातली महत्त्वाची प्रथिने.

यांपैकी काफिरिन सोलापूरकराच्या ताटात रोज असते. जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रब्बीचे नावाजलेले मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातले. ज्वारीच्या दाण्यात साधारण १० ते ११ टक्के प्रथिन असते आणि त्यात निम्म्याहून अधिक वाटा काफिरिनचा, म्हणजे क्विंटलमागे निदान पाच किलो.

काफिरिनचा स्वभाव परातीतच कळतो. गव्हाच्या कणकेचा गोळा नळाखाली चोळत धुतला, की पिष्ट वाहून जाते आणि हाती चिवट, रबरासारखे ग्लुटेन उरते. इटलीतील बोलोन्याचे वैज्ञानिक बेकारी यांनी १७२८ मध्ये नेमके हेच केले होते. ज्वारीचे पीठ असे धुवायला गेलात तर हाती काहीच राहत नाही. काफिरिन दाण्यात सूक्ष्म गोल कणांमध्ये कोंडलेले असते आणि पाण्याला अजिबात दाद देत नाही. म्हणून भाकरीला आधणाचे पाणी लागते. पीठ धरून ठेवण्याचे काम पिष्टाला करावे लागते, आणि पिठाची विरी गेली असेल तर थापताना भाकरी कडेने फाटते. शिजवताना काफिरिनचे रेणू गंधकाच्या बंधांनी एकमेकांत आणखी जखडतात, त्यामुळे ते पचायलाही अवघड होते. स्वयंपाकघरातली ही खोड शरीरात बसवायच्या वस्तूला मात्र उपयोगी पडते: सतत ओलाव्यात राहूनही ती चार दिवसांत विरघळून जात नाही.

पेशी मोकळ्या तरंगत ठेवल्या तर बहुतेक मरतात. त्यांना पाय रोवायला जागा हवी असते. पेशीच्या आवरणावरील इंटेग्रिन नावाची प्रथिने भोवतालच्या जाळ्यातील ठरावीक खुणा पकडतात. आर्जिनिन, ग्लायसीन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांची (प्रथिनाच्या घटकांची) सलग जोडणी ही त्यातली सर्वांत परिचित खूण. रुओस्लाहती व पिअर्सबाकर या संशोधकांनी ती १९८४ मध्ये फायब्रोनेक्टिन या प्रथिनात दाखवली. कोलॅजेन आणि जिलेटिनमध्येही पेशींना पकडता येणाऱ्या खुणा असतात. वनस्पतीला प्राण्याच्या पेशी धरायच्या नसतात, तेव्हा तिच्या साठवणीच्या प्रथिनांकडून अशा खुणांची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. मग पेशी चिकटतात कशा? पेशींच्या खाद्यद्रवात बहुधा वासराच्या रक्ताचे सीरम असते. त्यातील फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन आधी पापुद्र्यावर बसतात आणि पेशी त्यांना धरतात. त्यामुळे या पद्धतीला सरसकट ‘शाकाहारी’ म्हणणे घाईचे ठरेल. तरी गुरांच्या रोगांची भीती, धार्मिक अडचण आणि खर्च या तिन्ही बाबतींत जनावराच्या कातडी-हाडांपासून काढलेल्या कोलॅजेनपेक्षा धान्य सोयीचे पडते.

घडवण्याच्या रीती साध्या आहेत. झेइन व काफिरिन पाण्यात विरघळत नाहीत, पण पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये विरघळतात. काफिरिनला त्यासाठी उष्णता द्यावी लागते आणि बऱ्याचदा गंधकाचे बंध तोडणारे रसायनही. द्रावण पसरून वाळवले की पापुद्रा मिळतो. झेइनच्या भुकटीत मिठाचे खडे मिसळून ठोकळा दाबतात आणि मग मीठ पाण्याने धुऊन काढतात. खड्यांच्या जागी पोकळ्या राहतात आणि पेशी त्यांत शिरतात. बांधकामावरच्या परांचीसारखा हा तात्पुरता आधार. तिसरी रीत उच्च विद्युतदाबाने सुईच्या टोकातून धागा ओढण्याची. असा धागा मायक्रोमीटरहूनही बारीक निघू शकतो. सोलापुरी चादरीचे सूत त्यापुढे दोरखंड वाटेल. झेइनचा धागा कापडवाल्यांना नवा नाही म्हणा: ‘व्हायकारा’ नावाने तो अमेरिकेत १९४८ ते १९५७ या काळात विकला जात होता.

चीनमधील संशोधकांनी २००४ मध्ये झेइनच्या पापुद्र्यांवर मानवी यकृताच्या व उंदरांच्या पेशी वाढवून दाखवल्या. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठाच्या गटाने काफिरिनचे सूक्ष्मकण आणि त्यांचे पापुद्रे उंदरांच्या त्वचेखाली बसवून शरीर ते कसे सोसते आणि ते कसे विरतात, हे तपासले. इस्राएलमधील शुलामित लेव्हनबर्ग यांच्या गटाने २०२० मध्ये गाईच्या स्नायुपेशी चक्क सोयावडीसारख्या पदार्थावर वाढवल्या. तेल काढलेले सोयापीठ उष्णतेत दाबून यंत्रातून काढले की ते तंतुमय आणि भोकाभोकांचे होते. किराणा दुकानातली वडी भिजवून पिळून पाहिली तरी हे लक्षात येते. पालकाचे पान किंवा सफरचंदाची फोड पेशीमुक्त करून वापरतात, तो प्रकार यात मोडत नाही. तिथे आधार सेल्युलोजचा असतो, प्रथिनाचा नव्हे.

अडचणी बारीक, पण चिवट आहेत. प्रयोगशाळेत सवयीने वापरले जाणारे ७० टक्के अल्कोहोल निर्जंतुकीकरणासाठी घ्यावे, तर झेइनचा पापुद्रा त्यातच विरघळतो. मग किरणांचा वा अन्य मार्ग धरावा लागतो. बंध घट्ट करायला वापरलेले ग्लुटारअल्डिहाइड मागे उरले तर पेशींना विषारी ठरते, म्हणून सायट्रिक आम्लासारखे सौम्य पर्याय शोधतात. गहू आणि सोयाबीनची काहींना ॲलर्जी असते. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने ग्लुटेन न सोसणाऱ्या सीलिॲक रोग्यांच्या दृष्टीने काफिरिनची बाजू जड आहे. मात्र वाण, जमीन, खत आणि पाऊस यांनुसार दाण्यातील प्रथिनाचे प्रमाण बदलते. त्यामुळे एका शेतातल्या दोन हंगामांच्या ज्वारीचे काफिरिनही वापरण्यापूर्वी वेगवेगळे तपासावे लागते.