टोचन : विद्युत मोटारीचे

रस्त्यात बंद पडलेली गाडी दोराने, साखळीने किंवा लोखंडी दांड्याने दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेणे, याला इंदुरात टोचन म्हणतात. शब्द ‘टो-चेन’वरून आला असावा. इथल्या मराठी घरांनी तो बाजारातल्या हिंदीतून उचलला आणि ‘टोचन लावलं’, ‘टोचन करून आणली’ असा आपलासा केला. हिरव्या नंबरपाटीच्या विद्युत गाडीला मात्र ही रीत चालत नाही. ती ओढून न्यायची नसते, चारही चाके रस्त्यावरून सुटतील अशी उचलून न्यायची असते.

कारण मोटरच्या जोडणीत आहे. हातगिअरची पेट्रोल गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो, मग ती हातगाडीसारखी कुठेही ढकला. विद्युत गाडीत बहुधा क्लच नसतो आणि गिअर एकच. पडद्यावर ‘एन’ दिसले, तरी त्याचा अर्थ मोटरला वीज दिली जात नाही एवढाच. मोटर चाकांना जोडलेलीच राहते. चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे साधारण नऊ-दहा फेरे होतात. ताशी ४० किमी वेगाने गाडी ओढली, तर चाक मिनिटाला सुमारे ३३० फेरे घेते आणि मोटर ३,००० च्या घरात जाते. आजच्या बहुतेक गाड्यांच्या मोटरमध्ये कायमचे चुंबक असल्याने ती फिरली की जनित्र (वीज तयार करणारे यंत्र) होते. बंद गाडीत ही वीज बॅटरीत जायला वाट नसते, थंड पाणी फिरवणारा पंपही बंद असतो. मोटर तापते, बॅटरीची वीज मोटरजोगी करून देणारा इन्व्हर्टर जळू शकतो. म्हणजे शंभर रुपयांच्या दोरीने लाखाचा खर्च ओढवतो. ‘ओढता ओढता चार्ज होईल की’ हा सल्ला चहाच्या टपरीवर हमखास मिळतो. तो टपरीवरच ठेवावा.

गाडी हलत नाही याचे कारण पुष्कळदा चाके फिरवणाऱ्या मोठ्या बॅटरीत नसतेच. दिवे, कुलपे, पडदा आणि गाडी सुरू करणारी यंत्रणा साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी दगड होते : ‘एन’ पडत नाही, बटणाचा हातब्रेक सुटत नाही. दुसऱ्या गाडीवरून जंप केबल लावून १२ व्होल्ट दिले, तर कधी कधी गाडी तिथेच जागी होते. नारिंगी केबलींना मात्र हात लावू नये; त्यांत शेकडो व्होल्ट असतात. ब्रेक सुटलाच नाही, तर अडलेल्या चाकांखाली छोट्या ट्रॉल्या सरकवून, पुढच्या हुकला विंच (दोर गुंडाळत ओढणारे यंत्र) लावून गाडी सपाट पाठीच्या क्रेनवर (फ्लॅटबेडवर) चढवतात. त्या चार-सहा मीटरांपुरती, माणसाच्या चालीने गाडी सरकवायला हरकत नसते. इंदूरच्या राजवाडा–सराफ्याच्या अरुंद गल्ल्यांत फ्लॅटबेड शिरत नाही, तिथे ‘एन’ पडत असेल तर हातांनी ढकलत रुंद रस्त्यावर आणणे हाच मार्ग. पुढची चाके चालवणाऱ्या गाडीची पुढची बाजू उचलून मागची फिरू देणे काही कंपन्यांना मान्य आहे; गाडीचे पुस्तक पाहिल्याशिवाय ते करू नये.

चार्ज संपून थांबण्याची इंदूरकरांची खास जागा म्हणजे महेश्वराहून परतीचा घाट. नर्मदेच्या काठाहून माळव्याच्या पठारावर येताना गणेश घाट–मानपूर वाटेने सुमारे ४०० मीटर चढावे लागते. माणसांसह पावणेदोन टनांची गाडी तेवढी वर न्यायला साधारण २ युनिट वीज जास्त लागते, म्हणजे सपाटीवरचे १४-१५ किमी. जाताना उतारावर उरलेल्या चार्जचा आकडा पाहून नदीकाठी निवांत बसलेल्यांना हा हिशेब संध्याकाळी कळतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. क्रेनवाल्याला फोन करताना पहिल्याच वाक्यात ‘भैया, गाड़ी इलेक्ट्रिक है, फ्लॅटबेडवाली भेजना’ असे सांगावे, नाहीतर हूकवाली क्रेन येते आणि वाद रस्त्यावर होतो.

ओढण्याचे नियमही पेट्रोल गाड्या समोर ठेवून झालेले. १९८९ च्या रस्ता-नियमावलीत दोन गाड्यांमधले अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी २४ किमीच्या आत हवा आणि मागे ‘ऑन टो’ अशी पाटी हवी, असे होते. ते सगळे पाळूनही मोटर फिरतेच.

अपघातातून किंवा पुराच्या पाण्यातून काढलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. मार बसलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पेटू शकते. म्हणून अशी गाडी गॅरेजच्या शेडखाली न घेता उघड्यावर, इमारती आणि इतर गाड्यांपासून सुमारे १५ मीटर दूर उतरवतात.