नाळेवरचा सिंह: लढाऊ जहाजांच्या नक्षीकामामागची गोष्ट

सांगलीत विश्रामबागला माझ्या मावसभावाच्या गच्चीवरच्या खोलीत दोन वर्षांपासून एक जहाज उभं राहतंय. स्वीडनचं 'वासा'. प्रमाण एकास पंच्याहत्तर. पुढच्या तिरक्या डोलकाठीसकट ६९ मीटर लांबीचं मूळ जहाज या हिशेबानं ९२ सेंटिमीटरांत बसतं. सांगाडा झाला, फळ्या बसल्या, तोफांच्या खिडक्याही कापून झाल्या. काम अडलंय ते नक्षीवर. किटसोबत धातूच्या ओतीव मूर्ती आल्या होत्या. त्यानं त्या हातात घेऊन पाहिल्या, "सगळे एकाच आईचे दिसतायत" म्हणाला आणि डबा माळ्यावर टाकला. आता एकेक मूर्ती लाकडात कोरणं चाललंय. मूळच्या एक मीटरच्या मूर्तीला इथं जेमतेम तेरा मिलिमीटर मिळतात, अंगठ्याच्या नखाएवढे. त्यात नाक, मिशा आणि शिरस्त्राण.

लढायला निघालेल्या जहाजावर इतकी कलाकुसर कशाला, हा प्रश्न त्याच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. सतराव्या शतकातल्या युरोपात हा प्रश्न कुणाला पडला नसता. राजाकडे असलेली सगळ्यात महागडी, सगळ्यात मोठी आणि परक्या बंदरात जाऊन उभी राहणारी वस्तू म्हणजे जहाज. वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशा भाषेत त्यावर राजाची वंशावळ, त्याचे देव आणि त्याचे शत्रू लिहिलेले असत. आपल्याकडे नगारखान्यावर जे काम नौबत करते, ते तिथं पिछाडीच्या मूर्तींकडे होतं.

'वासा'वर अशी सुमारे ५०० शिल्पं होती, लहानसहान नक्षी धरली तर ७००च्या आसपास. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, झेप घेणारा तीन मीटरहून लांब सिंह, त्याच्या दोन्ही अंगांना रोमन सम्राटांची रांग, पिछाडीला बायबलमधल्या गिदोनचे शिपाई. पिछाडीच्या अगदी वर गुस्ताव अडॉल्फ राजा पोरवयात दाखवलाय आणि दोन ग्रिफिन, म्हणजे अर्धे गरुड अर्धे सिंह असे कल्पित प्राणी, त्याच्या डोक्यावर मुकुट धरून आहेत. हे उगीच नाही. पोलंडचा राजा सिगिस्मुंड हा गुस्तावचा चुलतभाऊ आणि स्वीडनच्या गादीवर त्याचाही दावा होता. भाऊबंदकीचा हा दावा ओक, पाइन आणि लिंडनच्या लाकडात कोरून समुद्रावर पाठवायचा होता.

तो काही पोचला नाही. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून 'वासा' निघालं, जेमतेम १३०० मीटर गेलं, वाऱ्याच्या झोतानं कललं, उघड्या तोफखिडक्यांतून पाणी शिरलं आणि ते बुडालं. नक्षीच्या ओझ्यानं बुडालं असं सांगणारे भेटतात. ते खरं नव्हे. पाण्यावरचा भाग, म्हणजे जाड तुळया आणि तोफांचे दोन मजले, बेसुमार जड झाला होता आणि खाली त्याला तोलून धरील एवढं वजन नव्हतं. शिल्पांवर खापर फोडणं सोपं, एवढंच.

पुढं मात्र नशिबानं वेगळा खेळ मांडला. बाल्टिकच्या पाण्यात मीठ कमी, त्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथं जगत नाही. मूर्ती ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकल्या होत्या ते गंजून गेले, मूर्ती सुट्या होऊन तळाच्या चिखलात पडल्या आणि तिथंच राहिल्या. २४ एप्रिल १९६१ रोजी जहाज वर काढलं, शिल्पं पाणबुड्यांनी चिखलातून चाचपून आणली. सुरुवातीला सगळ्यांचा समज असा की मूर्ती सोनेरी आणि मागची पाटी निळी. नंतर रंगांचे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा लाल, हिरवा, पिवळा, गुलाबी असा गावजत्रेतल्या रथासारखा थाट निघाला. माझ्या भावाच्या किटमधली रंगाची बाटली अर्थातच सोनेरीच आहे.

'वासा'नंतर नऊ वर्षांनी, १६३७ मध्ये, इंग्लंडच्या चार्ल्स पहिल्यानं 'सॉव्हरिन ऑफ द सीज' पाण्यात सोडलं. शंभराहून अधिक तोफा आणि नाळेवर सात राजांना घोड्याखाली तुडवणारा एडगर राजा. जॉन आणि मथायस ख्रिसमस या भावांनी केलेली कोरीव आणि सोनेरी सजावट एकूण खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा खाऊन गेली. आरमारासाठी बसवलेल्या करावरून प्रजा आधीच चिडलेली होती. राजाचं डोकं १६४९ मध्ये उडालं. जहाज मात्र १६९६ पर्यंत टिकलं आणि मग चॅथमला एका कलंडलेल्या मेणबत्तीनं जळून खाक झालं.

खजिन्याला ओढ लागली की पहिला हात नक्षीवर पडतो, हे त्यानंतरच्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा घडलं. १७०३ मध्ये इंग्लंडच्या नौदलानं कोरीवकामाला कात्री लावली, १७९६ मध्ये तर नाळेवरची मूर्तीच बंद करायचा हुकूम निघाला. खलाशांनी तो पुरता मानला नाही. बिनमूर्तीचं जहाज त्यांना बिनडोक्याचं वाटे. 'व्हिक्टरी' या इंग्लंडच्या लढाऊ जहाजावर १७६५ साली भला मोठा मूर्तिसमूह होता. १८०३ च्या दुरुस्तीत तो गेला आणि राजचिन्हाला धरून उभी असलेली दोन पोरं तेवढी आली.

मूळ जहाजं सडली, जळाली, मोडीत निघाली. नक्षी शिल्लक राहिली ती बरीचशी नमुन्यांत. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडात नौदलासाठी एकास अठ्ठेचाळीस प्रमाणात, म्हणजे एका फुटाला पाव इंच धरून, लाकडी प्रतिकृती करत. खालच्या फळ्या मुद्दाम न लावता बरगड्या उघड्या ठेवायच्या आणि वर नखाएवढ्या मूर्ती. त्यासाठी बॉक्सवुड आणि पेअरचं लाकूड वापरत. दोन्ही घट्ट, रेषा जवळजवळ दिसत नाही, धार लागली की कड तुटत नाही.

सांगलीत बॉक्सवुड कुठून आणणार? भावानं आधी सागवान घेतलं. साग जहाजाला उत्तम. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडातल्या हार्टलपूलला पाण्यावर आहे. पण तेरा मिलिमीटरच्या चेहऱ्याला साग कामाचा नाही, त्याच्या रेषांतल्या एका भोकानं अख्खा डोळा जातो. शेवटी उत्तर मिरजेत मिळालं.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत लाकूड कोरणारी घराणी दीडशे वर्षांहून जुनी. मूळचे शिकलगार, तलवारींना पाणी देणारे. हत्यारांचा जमाना सरला तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्यांनी सतार-तंबोऱ्यांकडे हात वळवले. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा आणि दांडी जुळते तिथं सांध्यावर लाकडी पानं कोरून बसवतात. ती पाहून भाऊ तिथल्या एका वयस्कर कारागिराकडे जाऊन बसला. सिंहाचा पुढचा पंजा तिसऱ्यांदा तुटला होता, तो दाखवला. चाचांनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "पंजा आडव्या रेषेत घेतलाय तुम्ही. तुटणारच. सिंह झोपवा, मग कोरा." म्हणजे लाकडाचा तुकडा असा फिरवायचा की रेषा पंजाच्या लांबीनं धावेल. आणि हेदूचा एक हळदी तुकडा दिला, बारीक कणांचा, साबणासारखा कापला जाणारा.

सिंह आता चार सेंटिमीटरचा तयार आहे. आयाळीची एकेक बट दोन मिलिमीटरच्या गोल पटाशीनं काढलीय, कानस लावलेली नाही. कानशीनं कड बोथट होते आणि मग ती ओतीव मूर्तीसारखीच दिसू लागते.

मी त्याला सुचवलं होतं की आपल्या आंग्र्यांची गुराब, म्हणजे त्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज, कर. कान्होजींचं सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखाचं पद, कायम केलं ते साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी. घाटावर बसून समुद्राचा कारभार चालवल्याची आपल्याच मुलखातली गोष्ट. तो म्हणाला, करीन, पण कोरायला काय राहील? गुराबीची नाळ चिंचोळी, पुढं निघालेली, आणि पुढच्या तोफांचा मारा तिच्यावरूनच व्हायचा. तिथं सिंह बसवला तर आपल्याच गोळ्यानं उडेल. मुद्दा बिनतोड होता.

सध्या त्याच्या टेबलावर एक पोलिश सरदार आहे. 'वासा'च्या पुढच्या भागात, नांगर टांगायच्या तुळईखाली, बाकाखाली कुत्र्यासारखा दडलेला. पोलंडात माणसाला बाकाखाली बसवून भुंकायला लावणं ही बेअब्रूची शिक्षा होती, स्वीडिश कारागिरांनी ती शत्रूलाच दिली. मॉडेलवर हा सरदार तुळईच्या सावलीत जाईल, वाकून पाहिल्याशिवाय दिसायचा नाही. त्याच्या मिशा कालच कोरून झाल्या.