तेलातला कार्बन कोणत्या देशाच्या खात्यावर?

कोणता देश किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो याचे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि ते पाहून, हे आकडे उपकरणे लावून प्रत्यक्ष मोजले असावेत, असा अनेकांचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. खनिज तेलाच्या ज्वलनातून होणारे राष्ट्रीय उत्सर्जन हे इंधनाच्या नोंदींवरून मांडलेले गणित असते, आणि ते भरवशाचे का ठरते याचे उत्तर शालेय रसायनशास्त्रात आहे.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे, मिश्रण असते. सोयीसाठी त्यांपैकी ऑक्टेन घेऊ. त्याच्या रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात, म्हणजे रेणुवस्तुमान ११४. पूर्ण ज्वलनात ११४ ग्रॅम ऑक्टेनचा ४०० ग्रॅम ऑक्सिजनशी संयोग होऊन ३५२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १६२ ग्रॅम पाण्याची वाफ तयार होते. दोन्ही बाजूंची बेरीज ५१४ ग्रॅमच भरते. पाऊण किलोच्या आसपास वजनाच्या एक लिटर पेट्रोलमधून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड कसा बाहेर पडतो, या नेहमीच्या शंकेचे निरसन येथेच होते, कारण वाढलेले वजन हवेतल्या ऑक्सिजनचे असते. कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग येऊन मिळतात, म्हणून इंधनातल्या कार्बनच्या वस्तुमानाला ४४/१२ ने, म्हणजे सुमारे ३.६७ ने गुणले की उत्तर हाती येते. इंजिन जुने असो वा नवे, कार्बनच्या अणूंची संख्या बदलत नाही; अपुऱ्या ज्वलनामुळे काजळीच्या किंवा कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने जाणारा वाटा अल्प असतो.

हायड्रोजनचे महत्त्वही कमी नाही. इंधनातली बरीचशी उष्णता त्याच्या ज्वलनातून मिळते, आणि ती कार्बन डायऑक्साइडविना मिळते. मिथेनमध्ये कार्बनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे चार, तेलात साधारण दोन आणि दगडी कोळशात बहुधा एकाहूनही कमी अणू असतात. त्यामुळे एक टेराज्यूल (ऊर्जेचे एक मोठे एकक) उष्णतेमागे नैसर्गिक वायू सुमारे ५६ टन, डिझेल ७४ टन आणि दगडी कोळसा ९५ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड देतो. पाण्यावर चालणाऱ्या गाडीचे दावे खोटे का असतात, हेही यावरून कळावे: पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन, आणि तो पुन्हा मोकळा करायला निदान तेवढीच ऊर्जा खर्चावी लागते.

रसायनाचा भाग असा पक्का असल्यामुळे खरा प्रश्न उरतो तो कोणते इंधन कोणाच्या नावावर लिहायचे हा. देशातील उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात आणि साठ्यात पडलेली भर वजा करायची, आणि रस्त्यांचे डांबर किंवा प्लास्टिकसाठी वापरलेला नाफ्था (कच्च्या तेलातून मिळणारा एक द्रव) यांत बांधून राहिलेला कार्बनही वगळायचा. या पद्धतीने तेलापुरते पाहिले तर अमेरिका सुमारे सव्वादोन अब्ज टनांसह पहिली येते. एकूण उत्सर्जनात तिच्या बऱ्याच पुढे असलेला चीन येथे दुसरा ठरतो, कारण त्याचा मोठा भार कोळशावर आहे. दरडोई आकडा अमेरिकेत साडेसहा टनांच्या आसपास, चीनमध्ये एका टनाहून थोडा अधिक आणि भारतात अर्ध्या टनाच्या जवळपास येतो. या तिन्ही देशांची नुसती क्रमवारी लावणे म्हणूनच मला अपुरे वाटते.

आंतरराष्ट्रीय जहाजे आणि विमाने यांना पुरवलेले इंधन कोणत्याच देशाच्या बेरजेत धरले जात नाही. त्याची नोंद वेगळी ठेवतात. १९९७ च्या क्योटो करारानेही हे उत्सर्जन कमी करण्याचे काम सागरी आणि हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनांमार्फत व्हावे असे ठरवले. सिंगापूरच्या बंदरात २०२३ साली जहाजांना पाच कोटी टनांहून अधिक इंधन विकले गेले. प्रत्येक टनामागे साधारण ३.१ टन कार्बन डायऑक्साइड धरला, तर तेथील सुमारे ६० लाख रहिवाशांच्या नावावर माणशी २५ टनांहून अधिक भार एका फटक्यात चढेल. सर्व तक्ते हा नियम पाळत नाहीत, त्यामुळे दोन तक्त्यांत सिंगापूरचे स्थान फार वेगळे दिसू शकते.

रस्त्यावरील वाहनांसाठी मात्र नियम उलट आहे: इंधन जेथे विकले जाते, त्या देशाच्या खात्यावर उत्सर्जन पडते. लक्झेंबर्गमध्ये इंधनावरचे कर दीर्घकाळ शेजाऱ्यांपेक्षा कमी राहिले, त्यामुळे जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियम यांचे वाहनचालक व लांब पल्ल्याचे मालट्रक तेथे टाक्या भरून पुढे जात आले आहेत. त्या तेलाचा मोठा भाग सीमेपलीकडे जळतो, तरी तो लक्झेंबर्गच्याच राष्ट्रीय आकड्यात मोजला जातो.