शामोनी ते झरमॅट: हिमनद्यांवरच्या वाटेमागचा दोनशे वर्षांचा वाद

फ्रान्समधल्या शामोनीहून निघायचे, हिमनद्या आणि खिंडी ओलांडत, जमल्यास एक-दोन शिखरे करत सहा-सात दिवसांनी स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला उतरायचे. ‘ओत रूट’ (उंचावरची वाट) नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ट्रेकच्या बुकिंगच्या बहुतेक अर्जांत दोन अटी असतात. गाईड कोण मिळणार हे आयोजक ठरवतील आणि वाट बदलण्याचा किंवा मागे फिरण्याचा शेवटचा शब्द गाईडचा राहील. आपल्याकडचे अनेक ट्रेकर पैसे भरताना या ओळींवरून नजर फिरवून पुढे जातात. पण आल्प्समधल्या गाईडच्या पेशाचा सगळा इतिहास याच दोन अटींभोवती फिरलेला आहे.

1786 मध्ये शामोनी गावातला एक डॉक्टर आणि स्फटिक गोळा करणारा एक तरुण आल्प्समधल्या सर्वोच्च शिखराच्या, माँ ब्लाँच्या माथ्यावर पोहोचले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर पैसेवाले प्रवासी येऊ लागले आणि स्फटिक शोधणारे, शॅमॉईची (डोंगरी बकऱ्यासारख्या प्राण्याची) शिकार करणारे गावकरी त्यांना वर नेऊ लागले. नियम असे काही नव्हते. नियम आले ते एका अपघातानंतर.

ऑगस्ट 1820 मध्ये एक रशियन शास्त्रज्ञ, दोन इंग्रज तरुण आणि मोठा गाईडताफा असे सगळे माँ ब्लाँकडे निघाले. वाटेत हवा बिघडली, ताजा बर्फ पडला. मागे फिरू या, असे गाईडांचे म्हणणे होते आणि ते ऐकले गेले नाही, असे गावात कायम सांगितले गेले. माथ्याखालच्या उतारावर हिमलोट सुटला. तीन गाईड खालच्या भेगेत गाडले गेले. वर चढू पाहणारे प्रवासी वाचले, घरी बायकापोरे असलेल्या गावाने माणसे गमावली.

पुढच्याच वर्षी, 1821 मध्ये, शामोनीच्या गाईडांनी आपली संघटना उभी केली. अपघातग्रस्तांच्या कुटुंबांसाठी मदतनिधी काढला, दर ठरवले आणि तो वादग्रस्त नियम केला: काम पाळीने वाटायचे. प्रवासी आला की यादीत ज्याचा नंबर असेल तो गाईड त्याच्याबरोबर जाणार. सार्डिनियाच्या राजसत्तेने (साव्हॉय तेव्हा तिच्याकडे होते, फ्रान्सकडे ते 1860 मध्ये गेले) लवकरच या नियमांवर शिक्कामोर्तब केले. माँ ब्लाँसाठी एका प्रवाशामागे चार गाईड घेणेही बंधनकारक होते. 1851 मध्ये चार इंग्रज प्रवासी वर गेले तेव्हा बरोबर सोळा गाईड होते, त्यांच्याशिवाय हमाल वेगळेच.

इंग्रज गिर्यारोहकांना हा नियम अजिबात मानवला नाही. 1857 मध्ये लंडनमध्ये त्यांचा क्लब निघाला आणि पाळीच्या पद्धतीविरुद्धची तक्रार त्यांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येऊ लागली. अवघड खिंडीसाठी आम्हाला पारखलेला माणूस हवा असताना यादीतला कुणीही गळ्यात का मारता, हा त्यांचा सवाल होता. तो रास्तच होता. खेचरावर बसलेल्या पाहुण्याला हिमनदी दाखवून आणणे आणि भेगांनी फाटलेल्या हिमप्रपातातून रस्ता काढणे ही कामे वेगळी आहेत आणि दोन्हींसाठी एकच यादी चालत नाही. पाळीमुळे उत्तम गाईडचे चीज होत नाही, असेही ते म्हणत, आणि त्यातही तथ्य होते. हळूहळू इंग्रजांनी आपापले आवडते गाईड ओबरलांड आणि व्हॅले या स्विस भागांमधून उचलले आणि हंगामभर बरोबर फिरवले.

पण या वादाचा आपल्यापर्यंत पोहोचलेला इतिहास प्रामुख्याने गिऱ्हाइकांनी लिहिला आहे, हे विसरून चालत नाही. लिहिणारे तेच, छापणारे तेच. डोंगरउतारावरच्या तुटपुंज्या शेतीवर हिवाळा काढणाऱ्या गावात पाळी म्हणजे प्रत्येक घरी निदान काही दिवसांची मजुरी. शिवाय गिऱ्हाईक ज्याला निवडते त्याला उद्याही त्याच गिऱ्हाइकाची मर्जी राखावी लागते. ज्याला यादीने पाठवले आहे त्याला ‘आज वर जायचे नाही’ म्हणणे जरा सोपे. 1820 च्या अपघातातून गाव हे शिकले होते, असे मला वाटते, आणि नियमाची ही बाजू फार क्वचित मांडली जाते. पुढे नियम सैल झाला, अपवाद वाढले. तरी पाळीची रीत त्या संघटनेत आजही बदललेल्या रूपात टिकून आहे.

योगायोग असा की ज्या 1861 मध्ये लंडनच्या क्लबातल्या मंडळींनी सुट्या सुट्या शोधलेल्या खिंडी जोडून शामोनी ते झरमॅट ही उंचावरची वाट प्रस्थापित केली, त्याच वर्षी माँ ब्लाँवरून उतरणाऱ्या बोसाँ हिमनदीच्या तोंडाशी 1820 मध्ये गाडल्या गेलेल्या गाईडांचे अवशेष बाहेर पडू लागले. हाडे, कपड्यांच्या चिंध्या. एक्केचाळीस वर्षे बर्फ त्यांना खाली वाहून आणत होता, आणि साधारण तेवढा काळ लागेल असे एका स्कॉटिश संशोधकाने हिमनदीच्या वेगावरून आधीच सांगून ठेवले होते. त्या दिवशी बचावलेला एक म्हातारा गाईड हयात होता. त्याच्याकडून ओळख पटवली गेली.

1865 मध्ये झरमॅटजवळच्या मॅटरहॉर्न शिखराच्या पहिल्या चढाईनंतर उतरताना दोर तुटला, सातपैकी चार जण गेले. त्यानंतरच्या चौकशीत कोणता दोर कुणी बांधला हाच प्रश्न मध्यभागी होता.

ओत रूटचा कायापालट मात्र स्कीने केला. 1903 मध्ये शामोनीच्याच मंडळींनी ती हिवाळ्यात स्कीवर केली, 1911 मध्ये बूर-साँ-पियेरवरून जाणारा आजचा ‘क्लासिक’ पर्याय झाला. आज या वाटेचा मोठा हंगाम मार्च-एप्रिलचा आहे. उन्हाळ्यात पायी जाणारे अल्बेर प्रमिये हट (डोंगरावरचे मुक्कामाचे घर), त्रियाँचे हिमपठार, शांरियाँ, ओतेमा हिमनदी, 3,160 मीटरवरचे व्हिन्येत हट, जमले तर पिन्य दारोला हे शिखर, मग बेर्तोल आणि तेत ब्लांश असे झरमॅटकडे उतरतात. याच नावाने एक खालची, हिमनदीला जवळपास न शिवणारी पायवाटही विकली जाते. बुक करताना तेवढे विचारून घ्यावे. सह्याद्रीत घडलेला ट्रेकर तिथे दमात कमी पडत नाही. हिमनदीवर एकमेकांना बांधलेला दोर ताणून, अंतर राखून चालणे मात्र त्याला नव्याने शिकावे लागते, कारण रतनगडावर ते लागत नाही.

1965 मध्ये, मॅटरहॉर्नच्या शताब्दीला, झरमॅटमध्ये चार देशांच्या गाईडांनी आंतरराष्ट्रीय महासंघ काढला. आज गाईडच्या जॅकेटवर दिसणारा बिल्ला त्याचाच. यादीतला नंबर नव्हे, प्रशिक्षण आणि परीक्षा हा निकष ठरला. इंग्रजांची जुनी तक्रार शंभर वर्षांनी अशी मिटली. स्वित्झर्लंडमध्ये त्याला कायद्याचे बळ यायला आणखी वेळ गेला: 1999 मध्ये इंटरलाकेनजवळच्या ओढ्यात अचानक लोंढा येऊन कॅन्यनिंग (घळीतल्या प्रवाहातून उतरण्याचा साहसी खेळ) करणारे 21 जण दगावले, त्यातून जोखमीच्या साहसी सेवांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला आणि तो 2014 पासून लागू आहे.

परवाना हवा बदलत नाही. एप्रिल 2018 च्या अखेरीस व्हिन्येत हटपासून काहीशे मीटरवर वादळात रात्र काढावी लागलेल्या चौदा जणांपैकी सात जण मरण पावले, त्यात अनुभवी गाईडही होता. मार्च 2024 मध्ये तेत ब्लांशजवळ गाईडशिवाय निघालेले सहा जण अडकले, पाच मृतदेह सापडले. दोन्ही वेळा निघण्याचा निर्णय आणि हवामानाचा अंदाज यांवर पुष्कळ लिहिले गेले, 1820 सारखेच.

आता वाटच हलते आहे. 2022 आणि 2023 या दोन वर्षांत स्विस हिमनद्यांनी मिळून सुमारे दहा टक्के बर्फ गमावला. स्वित्झर्लंडमधल्याच आलेच हिमनदीकाठचे कोंकोर्डिया हट 1877 मध्ये बांधले तेव्हा हिमनदीपासून थोडेसेच वर होते, आज तिथे पोहोचायला साडेचारशेहून जास्त लोखंडी पायऱ्या चढाव्या लागतात. ओत रूटवरही उन्हाळ्यात भेगा लवकर उघड्या पडतात, खिंडींखालचा बर्फ जाऊन सुटे दगड उरतात, आणि गाईड ऐनवेळी एखादा टप्पा गाळून दरीतून बसने पुढे नेतात. जुलै 2022 मध्ये दरडींमुळे शामोनीच्या गाईडांनी माँ ब्लाँच्या नेहमीच्या वाटेवर गिऱ्हाइके नेणे थांबवले. हंगाम ऐन भरात होता, बुकिंगचे पैसे आलेले होते. मॅटरहॉर्नच्या इटालियन बाजूलाही तेच झाले.